सेन्शुराकू : सुमो स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि प्रेक्षक

सेन्शुराकू म्हणजे जपानमधल्या व्यावसायिक सुमो स्पर्धेचा शेवटचा, १५ वा दिवस. वर्षाला अशा ६ स्पर्धा होतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरची टोकियोत र्‍योगोकू भागातल्या कोकुगिकानमध्ये, मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची फुकुओकाला. सुरुवात रविवारी आणि शेवटही रविवारीच, त्यामुळे त्या दिवशी हॉल बहुतेक वेळा फुल असतो. शेवटची कुस्ती संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास लागते, भारतात तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजलेले असतात. हे नाव मुळात सुमोचं नाही, जुन्या दरबारी संगीतातल्या एका रचनेवरून आलं असं धरतात आणि काबुकी नाटकाच्या शेवटच्या प्रयोगालाही तेच म्हणतात. या नोंदीत कुस्त्यांच्या निकालांपेक्षा त्या दिवशी प्रेक्षक काय करतात यावरच भर आहे, कारण विजेत्यांच्या याद्या कुठेही मिळतात.

आज शेवटचा दिवस म्हटलं की सगळं शिगेला पोचलेलं असणार असं आपण गृहीतच धरतो, पण तसं कायम नव्हतं. एदो काळात (१६०३ ते १८६८) आणि नंतर मेइजी काळातही (१८६८ ते १९१२) टोकियोच्या एकोइन देवळाच्या आवारात १० दिवसांची स्पर्धा व्हायची, उघड्यावर, पाऊस आला की पुढे ढकलली जायची, आणि शेवटच्या दिवशी वरच्या गटातले म्हणजे माकुउची गटातले पैलवान उतरतच नसत, त्या दिवशी फक्त खालच्या गटांच्या कुस्त्या व्हायच्या. म्हणजे खरा शेवट आदल्या दिवशीच होऊन गेलेला असायचा. १९०९ च्या जूनमध्ये पहिलं कोकुगिकान उघडलं, डोक्यावर छप्पर आलं, आणि त्याच स्पर्धेपासून मोठे पैलवान शेवटच्या दिवशीही लढायला लागले. वैयक्तिक विजेतेपदाची कल्पनाही तेव्हाचीच, जिजी शिम्पो नावाच्या वर्तमानपत्राने सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्याचं मोठं चित्र हॉलमध्ये लावायला सुरुवात केली. त्याच्या आधीच्या काळातले जे विजेते यादीत दिसतात ते जुने निकाल बघून मागाहून ठरवलेले आहेत. सम्राटांचा चषक १९२६ पासूनचा. गुण सारखे झाले तर जादा कुस्ती लावायची पद्धत तर १९४७ ची, तोपर्यंत ज्याचा दर्जा वरचा त्यालाच विजेतेपद जायचं. १५ दिवसांची स्पर्धा १९३९ मध्ये आली, मध्ये युद्धामुळे दिवस कमीजास्त झाले आणि १९४९ पासून ती कायम झाली. हे सगळं एकत्र ठेवलं की लक्षात येतं की शेवटच्या रविवारी जो श्वास रोखून बघायचा प्रकार आहे तो फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, प्राचीन वगैरे नाही.

त्या दिवसाचे विधी थोडक्यात असे. शेवटच्या तीन कुस्त्यांच्या आधी पूर्वेकडचे तिघे आणि मग पश्चिमेकडचे तिघे रिंगणात येऊन एकत्र पाय उचलून जमिनीवर आपटतात, पूर्वेचे दोन पुढे एक मागे आणि पश्चिमेचे एक पुढे दोन मागे. हे बाकीच्या १४ दिवसांत बघायला मिळत नाही. सहा जणांपैकी काहींचं या स्पर्धेतलं सगळं नशीब पुढच्या पंधरा मिनिटांवर असतं आणि ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. पहिल्या कुस्तीच्या विजेत्याला बाण मिळतो, दुसऱ्याला प्रत्यंचा आणि तिसऱ्याला धनुष्य. रोज संध्याकाळी हॉल सुटताना बाहेर ढोल वाजतो, त्याचा अर्थ उद्या पुन्हा या, म्हणून सेन्शुराकूला तो वाजवत नाहीत.

आता गाद्या फेकण्याबद्दल, कारण बाहेरच्या माणसाला सुमोचे प्रेक्षक म्हटलं की हेच आठवतं. चौघांच्या चौकोनी कप्प्यात बसायला प्रत्येकाला एक चौकोनी गादी म्हणजे झाबुतोन मिळते, आणि योकोझुना म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पैलवान खालच्या दर्जाच्या माणसाकडून हरला, किंवा शेवटच्या दिवशी विजेतेपदाचा निकाल थरारक लागला, की या गाद्या भिरभिरत रिंगणाकडे उडायला लागतात. ही पद्धत कुठून आली? सर्वसाधारणपणे दिलं जाणारं उत्तर असं की हे जुन्या नागेहानाचं उरलेलं रूप आहे. नागेहाना म्हणजे आवडता पैलवान जिंकला की प्रेक्षकांनी आपली टोपी, हाओरी म्हणजे वरचा अंगरखा, असं काहीतरी रिंगणात फेकायचं, मग पैलवानाची माणसं ती वस्तू मालकाकडे परत घेऊन जायची आणि मालक तिच्या बदल्यात पैसे द्यायचा. वस्तू ही एक प्रकारची हुंडीच. आपल्याकडे फडात कुस्ती मारलेला पैलवान मैदानभर फिरतो आणि लोक त्याच्या हातात इनाम ठेवतात, त्याच्याच जवळचा हा प्रकार, फक्त इथे आधी अंगरखा जायचा आणि पैसे नंतर. १९०९ मध्ये कोकुगिकान झाल्यावर नागेहानाला बंदी आली आणि त्यानंतर कधीतरी गाद्या उडायला लागल्या, असा क्रम सांगतात.

क्रम पटण्यासारखा आहे, पण दोन्ही गोष्टी एकच मानायला मन तयार होत नाही. नागेहानात फेकणारा माणूस ओळखता येत होता, तेच तर त्याचं मर्म होतं, वस्तू कोणाची हे कळलं नाही तर पैसे कुठून मिळणार. गादी मात्र हॉलची असते, फेकणारा निनावी राहतो, आणि पैलवानाला त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय अंगरखा जिंकणाऱ्यासाठी जायचा, तर गादी जिंकणाऱ्याच्या कौतुकात उडते की हरलेल्या योकोझुनावरच्या नाराजीत, हे बघणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही, बहुधा दोन्ही. १५ जानेवारी १९३९ ला योकोझुना फुताबायामाची सलग ६९ विजयांची मालिका अकिनोउमीने तोडली तेव्हा गाद्यांबरोबर राखदाण्या आणि हात शेकायच्या छोट्या शेगड्यासुद्धा उडाल्याच्या आठवणी आहेत (तो स्पर्धेचा चौथा दिवस होता, शेवटचा नव्हे), आणि राखदाणी फेकणारा माणूस काही बक्षीस देत नसतो, त्याला स्वतःला आवरत नसतं. त्यामुळे वारसा आहे असं म्हणावं तर फेकण्याच्या सवयीचा, देण्याच्या रिवाजाचा नाही, हे मत जास्त सयुक्तिक वाटतं.

अधिकृतरीत्या गादी फेकायला मनाई आहे, लाउडस्पीकरवरून तसं सांगतातही, कारण मागून आलेली गादी पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मानेवर बसली तर दुखापत होते. २००८ च्या नोव्हेंबरपासून फुकुओकात दोन माणसांची मिळून एक लांब गादी आणि अशा दोन गाद्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या अशी सोय केली, म्हणजे चौघांनी उठून एकत्र फेकल्याशिवाय ती उडणारच नाही. त्याचा परिणाम २०१० ला दिसला, योकोझुना हाकुहोची ६३ विजयांची मालिका तिथेच किसेनोसातोने तोडली आणि एवढी मोठी घटना होऊनही हवेत काही नव्हतं. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प शेवटच्या दिवशी टोकियोत आले तेव्हाही आधीच कडक सूचना दिल्या होत्या, शिवाय आसानोयामाचं विजेतेपद आदल्या दिवशीच पक्कं झालेलं असल्यामुळे तसा प्रसंग येण्याची शक्यताही कमी होती.

गाद्यांपेक्षा महत्त्वाचा म्हणजे आवाज. २७ मे २००१, कोकुगिकान. योकोझुना ताकानोहानाचा उजवा गुडघा आदल्या दिवशी मुसोयामाशी लढताना दुखावला होता, त्याने उतरू नये असं जवळच्यांचं मत होतं, तरी तो आला, नियमित कुस्तीत मुसाशीमारूसमोर क्षणात पडला, गुण सारखे झाले आणि जादा कुस्तीत त्याच पायावर त्याने मुसाशीमारूला फेकलं. त्या वेळचा त्याचा चेहरा ज्यांनी बघितलाय ते विसरलेले नाहीत. पंतप्रधान कोइझुमी स्वतः चषक द्यायला रिंगणात होते, वेदना सोसून छान लढलात, मी भारावून गेलो, असं ते मोठ्याने म्हणाले आणि हॉल दणाणला. पण नंतरचं सांगायलाच हवं, ताकानोहाना त्यानंतर सलग सात स्पर्धा खेळू शकला नाही आणि ते त्याचं शेवटचं, २२ वं विजेतेपद ठरलं. २०१७ च्या मार्चमध्ये ओसाकात तेच पुन्हा घडलं, किसेनोसातो नवा योकोझुना होता, १९ वर्षांनी झालेला पहिला जपानी जन्माचा, १३ व्या दिवशी त्याचा डावा खांदा-छातीचा भाग दुखावला, शेवटच्या दिवशी त्याला तेरुनोफुजीला दोनदा हरवायचं होतं आणि त्याने ते केलं. राष्ट्रगीताच्या वेळी तो रडत होता, लोकही रडत होते. तोही पुढे पुन्हा कधी जिंकला नाही, जानेवारी २०१९ मध्ये निवृत्त झाला. २०२४ च्या मार्चमध्ये ताकेरुफुजी घोटा दुखावलेला असताना उतरला आणि माकुउचीतल्या पदार्पणातच जिंकला, ११० वर्षांनी असं घडलं, आणि पुढची स्पर्धा त्याला सोडावी लागली. जखमी माणूस उतरला की प्रेक्षक सर्वांत जास्त भावुक होतात, आणि त्या ओढीची किंमत पैलवान मोजतात, हे सेन्शुराकूच्या कौतुकात बहुतेक वेळा सुटून जातं.

नाराजीही तितकीच मोठी असते. २०१६ च्या मार्चमध्ये, पुन्हा ओसाकाच, हाकुहोने शेवटच्या कुस्तीत हारुमाफुजीला भिडण्याऐवजी बाजूला सरकून एका क्षणात बाहेर घालवलं. हा डाव नियमात बसतो, पण योकोझुनाने शेवटच्या दिवशी तो वापरावा हे लोकांना रुचलं नाही, हॉलमध्ये ओरडा झाला, बक्षीस समारंभ पूर्ण व्हायच्या आधी बरेच जण उठून गेले, आणि विजेत्याच्या मुलाखतीत हाकुहोला माफी मागावी लागली, तेही डोळ्यांत पाणी आणून. वर्षभराने तेरुनोफुजीने १४ व्या दिवशी कोतोशोगिकूविरुद्ध असाच डाव केला तेव्हा आरोळ्यांमध्ये मंगोलियाला परत जा अशीही एक होती. ही नाराजी डावावरची नव्हती, माणसाच्या जन्मस्थानावरची होती, तिचं समर्थन होऊ शकत नाही. तोच तेरुनोफुजी गुडघे आणि आजारपण यामुळे पाचव्या गटापर्यंत खाली घसरला आणि २०२० मध्ये माकुउचीत शेवटच्या क्रमांकावरून परतून २ ऑगस्टला टोकियोत विजेता झाला. कोरोनामुळे हॉलमध्ये साधारण २५०० लोकांनाच परवानगी होती आणि ओरडायला बंदी होती, फक्त टाळ्या, आणि त्या टाळ्या बराच वेळ चालल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये तर ओसाकात एकही प्रेक्षक नव्हता, हाकुहो आणि काकुर्‍यू यांच्यातली निर्णायक कुस्ती रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली, पैलवानांच्या श्वासाचा आवाज टीव्हीवर ऐकू येत होता.

प्रेक्षकांनी किती सामील व्हायचं याचा वाद हाकुहोच्याच बाबतीत दोनदा झाला. नोव्हेंबर २०१७ ला ४० वं विजेतेपद मिळाल्यावर त्याने मुलाखतीत लोकांना तीनदा बान्झाय म्हणजे जयघोष करायला लावला, आणि मार्च २०१९ ला सगळ्यांकडून एका तालात टाळ्या वाजवून घेतल्या. लोकांनी दोन्ही वेळा मनापासून साथ दिली, सुमो संघटनेने दोन्ही वेळा समज दिली. दुसऱ्या वेळचं कारण समजण्यासारखं आहे, बक्षिसांनंतर नवे पैलवान टाळ्यांचा विधी करतात आणि मग रिंगणातल्या देवतांना निरोप म्हणून एका पंचाला वर उडवून झेलतात, ते व्हायच्या आधीच समारोपाच्या टाळ्या वाजल्या. फक्त एवढं खरं की हा निरोपाचा विधी होईपर्यंत बहुतेक लोक स्टेशनच्या वाटेला लागलेले असतात.

शेवटच्या दिवशीची आणखी एक ओळखीची गोष्ट म्हणजे ७-७ वाला, म्हणजे १४ दिवसांत सात जिंकलेला आणि सात हरलेला पैलवान. आठवा विजय मिळाला की दर्जा वाढतो, नाही मिळाला तर घटतो, म्हणून त्याच्या कुस्तीला वेगळ्याच टाळ्या पडतात. २००२ मध्ये मार्क डगन आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की ७-७ वाल्यांनी ८-६ वाल्यांना निम्म्याच्या आसपास वेळा हरवायला हवं, प्रत्यक्षात ते सुमारे ८० टक्के वेळा हरवत होते, आणि पुढच्या भेटीत उलट दिसायचं. नुसत्या जिद्दीने हे स्पष्ट होत नाही. २०११ मध्ये मोबाइलवरच्या मेसेजमधून निकाल ठरवल्याचं उघड झालं आणि मार्चची स्पर्धाच रद्द करावी लागली, त्यामुळे त्या निष्कर्षाला वजन आलं.

समारंभात राष्ट्रगीतानंतर सम्राटांचा चषक, पंतप्रधानांचा चषक, मग वेगवेगळ्या देशांची आणि प्रांतांची बक्षिसं असतात, त्यात मांस, तांदूळ, वाळवलेले मशरूमसुद्धा. १९६१ ते १९९१ पॅन अमेरिकन विमान कंपनीचे डेव्हिड जोन्स किमोनो घालून येत आणि प्रशस्तिपत्र आपल्या खास उच्चारात, कधी स्थानिक बोलीत वाचत, लोक त्यांची वाट बघत बसायचे. हॉलबाहेर विजेता उघड्या गाडीतून मिरवत आपल्या तालमीकडे जातो, आणि रात्री प्रत्येक तालीम आपल्या पाठीराख्यांना पार्टी देते, तिथे पैसे भरून साध्या चाहत्यालाही जाता येतं.