सवय वेगळी, कणव वेगळी

बालवाडीत मूल घालताना बहुतेक आईवडील एकच मागणं मागतात, "ताई, याला चांगल्या सवयी लावा." त्यात हात धुणं येतं, दात घासणं येतं आणि त्याच दमात "सगळ्यांशी प्रेमानं वागणं"ही येतं. हात धुणं ही सवय आहेच. पण शेजारचं मूल रडतंय म्हणून त्याच्याजवळ जाणं ही सवय नव्हे, ती कणव. दोन्ही तीन ते सहा या वयात रुजत जातात, म्हणून आपण त्यांना एकाच माळेत ओवतो आणि एकाच पद्धतीनं शिकवायला जातो. इथे गडबड होते.

सवय कारण सांगून लागत नाही. ती ठरलेल्या जागेनं आणि ठरलेल्या वेळेनं लागते. चार वर्षांचं मूल जंतूंची गोष्ट डोळे विस्फारून ऐकतं, जंतूचं चित्रही काढतं, आणि डबा उघडला की मातीचे हात तसेच पोळीला लावतं. आम्ही डब्यांच्या पिशव्या नळाच्या पलीकडच्या फळीवर ठेवायला लागलो, तेव्हा फरक पडला. आता डब्यापर्यंत जायचं तर वाटेत नळ लागतोच. रोज तोच क्रम: बाह्या वर, हात ओले, साबण, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. एकूण वीस सेकंद, म्हणजे सावकाश दोनदा दहापर्यंत आकडे.

मुलं चुकतात ती एका ठरावीक ठिकाणी. साबण हातावर घेतला की लगेच हात धारेखाली नेतात आणि फेस वाहून जातो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. नीट चोळलं तरच तो मळ सुटतो आणि पाण्याबरोबर जातो. म्हणून साबण घेतल्यावर नळ बंद, आकडे मोजून झाले की चालू. नखांचं तर वेगळंच महत्त्व आहे. मातीबरोबर जंतांची अंडी नखांत बसतात आणि तिथून तोंडात जातात. दहा फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात, ते जरूर द्यावं. पण ते औषध पोटातले जंत मारतं, नखांतली अंडी नाही.

आता कणव. वाळूत खेळताना एकानं दुसरीच्या हातातलं फावडं ओढलं, तिच्या बोटाला खरचटलं. मोठ्यांच्या तोंडून आपसूक निघतं, "सॉरी म्हण!" तो तिच्याकडे न बघताच "सॉरी" म्हणतो आणि पळतो. ती रडतच असते. हा शब्द रोज दहादा घोकून घेतला तर शब्दाची सवय लागेल, आणि आपल्याला वाटेल मूल समजूतदार झालं. मीही अनेक वर्षं हेच करत होते, याचं आज वाईट वाटतं.

आता मी दोघांच्यामध्ये खाली बसते. "तिच्या तोंडाकडे बघ बरं. काय झालंय तिला?" तो बघतो. बराच वेळ काही बोलत नाही, आणि ही वेळ त्याला द्यावी लागते. "रडतेय." "कुठे दुखतंय, विचारू या?" त्या दिवशी त्यानं विचारलं नाही. उठून गेला, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला आणि तिच्या बोटावर ओतली. सॉरी शेवटपर्यंत म्हणाला नाही. मी म्हणायला लावलंही नाही.

बक्षिसाच्या बाबतीत तर दोन्हींचा मार्ग अगदीच फुटतो. दात घासले की तक्त्यावर चांदणी, हे सुरुवातीला चालतं. सवय जडली की चांदणी गळून पडते, बिघडत काही नाही. मदतीला मात्र चांदणी लावू नये. वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती मुलं पुढे बक्षीस नसताना इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसत्या कौतुकानं तसं झालं नाही. म्हणजे ओढ मुळात मुलात असतेच. आपण तिची मजुरी ठरवली की ती आटते.

ही दोन्ही एकत्र कशी येतात, हे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून ठेवलं आहे. १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा त्या शिक्षणाचाच भाग होता. स्वच्छतेची सवय लागत होती, आणि कुणीतरी मायेनं आपला गुंता सोडवतंय हेही मुलाच्या अंगाला कळत होतं. हाताला धरून खसकन नळाखाली ओढलेल्या मुलाचे हात स्वच्छ होतात, पण त्याला हे दुसरं मिळत नाही.

कोपरात खोकणं ही अशीच दोन्हींच्या सीमेवरची गोष्ट. आधी ती निव्वळ सवय म्हणून लावावी, कारण खोकला विचार करायला वेळ देत नाही. कशासाठी, ते मागाहून उमगतं. परवा सर्दी झालेल्या एका मुलीकडे मैत्रिणीनं तिच्या हातातली अर्धी खाल्लेली चिक्की मागितली. तिनं हात मागे घेतला आणि म्हणाली, "ही उष्टी आहे, मला शिंका येतात. तुला उद्या नवी आणते."