जाळ नको, आर पाहिजे

हुरड्याच्या दिवसात मंगळवेढ्याकडं कुणाच्या रानात गेलात तर आगटीवर बसलेल्या माणसाकडं नीट बघा. गोवऱ्या पेटवल्या की तो लगेच कणसं घालत नाही, जाळ बसायची वाट बघतो, मग आरात, म्हणजे निखाऱ्यात, कणसं खुपसतो. मामा म्हणायचे, जाळावर कणीस करपतं, आरावर भाजतं. मी पहिल्यांदा गच्चीवर कोळशाच्या ग्रीलवर बोकडाच्या बरगड्या केल्या तेव्हा हेच विसरलो, धगधगत्या कोळशावर अख्खी पट्टी टाकली, वीस मिनिटात बाहेरनं काळी आणि आतनं रबरासारखी झाली.

तसं का होतं ते कळलं की अर्धं काम झालं. बरगड्यांभोवतीच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं, म्हणजे मांस हाडाला धरून ठेवणारे चिवट धागे. साधारण 60 ते 65 अंशाला हे धागे आकसतात आणि मांसातलं पाणी पिळून काढतात, तिथंच उतरवलं तर चामडं खाल्ल्यासारखं लागतं. पण 70 च्या वर ओलसर उष्णतेत तास-दोन तास ठेवलं की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ना, ते हेच जिलेटिन. म्हणजे इथं आच वाढवून भागत नाही, वेळच द्यावा लागतो.

म्हणून बाभळीचा कोळसा पेटवून त्यावर राखेचा पांढरा थर येऊ द्या आणि मग सगळा एका बाजूला सारा. पट्टीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा ओढून काढा, मीठ-मसाला चोळा, पट्टी रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावा. निखाऱ्यातनं उष्णता किरणांनी येते आणि निखाऱ्याचं निरपेक्ष तापमान (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेलं) दुप्पट झालं तर ती सोळापट होते, त्यामुळं थेट वर ठेवलं की हिशोबच चुकतो. खालच्या भोकातनं हवा जास्त सोडली की कोळसा जास्त तापतो, कमी केली की बसतो, झाकणाचं भोक मात्र उघडंच ठेवा. आत 120 ते 135 अंश राहिले की बास. आणि हे काम उघड्यावरच करा, खोलीत अजिबात नको, कोळशातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

मधेच एक गोष्ट नवख्याला घाबरवते, आतलं तापमान 65-70 च्या आसपास अडकल्यासारखं होतं. मोठ्या तुकड्यात हे जास्त जाणवतं, पण पट्टीतही थोडं होतंच. मांसावरचा ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो, आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं अगदी तसंच! कोळसा वाढवू नका, पट्टी फॉइलमध्ये गुंडाळली की ओलावा अडतो आणि तापमान परत चढायला लागतं.

बोकडाच्या पट्टीला दीड-दोन तास लागतात, पट्टी बारीक-जाड असेल तसं कमीजास्त. मांस हाडाच्या टोकावरनं मागं सरकलं आणि हाड हातानं किंचित फिरवलं की सैल लागलं म्हणजे झालं.

आता फॉइल काढा, वरचं ओलं पुसून घ्या आणि पट्टी दोन-तीन मिनिटं थेट निखाऱ्यावर धरा. पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंशाच्या वर गेला की मायार प्रक्रिया जोरात होते, लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली मांडलेली, तिच्यानंच तो खरपूस तांबूस रंग आणि वास येतो. चरबी ठिबकून जाळ उठला तर पट्टी लगेच बाजूला घ्या, त्या जाळाच्या धुरातनं नको ती रसायनं मांसावर बसतात. मग हाडाहाडातनं सुरी घाला आणि गरम गरम कडक भाकरीवर वाढा.