रिकामे हात: स्मृतिभ्रंशात मन रमवण्याच्या विचाराची पार्श्वभूमी

आलॉईस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील वैद्यकीय सभेत ऑगुस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले आणि स्मृतिभ्रंशाच्या आधुनिक अभ्यासाला सुरुवात झाली. हा अभ्यास बराच काळ मेंदूच्या पेशींचाच राहिला. उतारवयातील विस्मरण म्हणजे म्हातारपणच, अशी समजूत वैद्यकातही टिकून होती. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की म्हातारपणीचा म्हणून दुर्लक्षित राहणारा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर हा बहुतांशी एकच आजार आहे. त्यानंतर कुठे चित्र बदलू लागले. तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, अशा माणसांची सेवा म्हणजे त्यांना वेळेवर जेवू घालणे, स्वच्छ ठेवणे आणि पडू न देणे. या तीन कामांच्या मध्ये उरणारे दिवसाचे आठ-दहा तास त्या माणसाने कसे घालवायचे, हा प्रश्न उपचारांच्या कक्षेत फार उशिरा आला. त्याची उत्तरे कशी बदलत गेली, हे पाहिल्याशिवाय आज घराघरांत दिले जाणारे सल्ले नीट उमगत नाहीत.

पहिले संघटित उत्तर १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स फोल्सम यांनी दिले. भिंतीवर मोठा फलक लावायचा, त्यावर वार, तारीख, हवामान आणि पुढचे जेवण लिहायचे, आणि परिचारिकांनी दिवसभर बोलता बोलता त्याची उजळणी करून घ्यायची, अशी ही पद्धत होती. ज्यांच्याशी बोलणेही व्यर्थ मानले जाई, त्यांच्यावर कोणीतरी मेहनत घेऊ लागले, हे तिचे मोठेच श्रेय आहे. पण व्यवहारात त्या उजळणीची अनेकदा तोंडी परीक्षा झाली. उत्तर चुकले की दुरुस्ती, आणि दुरुस्ती झाली की माणूस खजील, असा क्रम सुरू झाला. दिवंगत पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीला ‘ते आता नाहीत’ असे पुन्हा पुन्हा सांगणे म्हणजे तिला तेच दुःख दर वेळी नव्याने देणे आहे, हा टीकाकारांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता.

याच काळात दुसरा प्रवाह वेगळ्या दिशेने निघाला. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले, की वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे बुद्धी ढळल्याचे लक्षण नसून आपल्या आयुष्याचा धांडोळा घेण्याची स्वाभाविक गरज आहे. ओहायोतील क्लीव्हलँड शहरात नेओमी फाइल यांनी त्याच दशकात वृद्धांच्या बोलण्यातील चूक न खोडता त्यामागची भावना ओळखण्याची पद्धत आखायला घेतली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जुनी छायाचित्रे, गाणी आणि वापरातल्या वस्तू मध्ये ठेवून गप्पांचे गट भरू लागले. नवे लक्षात राहत नसले तरी तारुण्यातल्या आठवणी तुलनेने उशिरा पुसट होतात, हा या साऱ्या प्रयोगांचा आधार होता.

तरीही ‘वेळ घालवणे’ आणि ‘मन रमणे’ यांतला फरक सर्वांत स्पष्टपणे दाखवला तो इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी. त्यांची कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. निरीक्षकाने शुश्रूषागृहाच्या सामायिक दालनात तासन्‌तास बसायचे, मोजक्या रहिवाशांवर लक्ष ठेवायचे आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकापुढे एक खूण करायची: ही व्यक्ती कोणाशी बोलते आहे का, काही करते आहे का, नुसती पाहते आहे, की स्वतःत मिटून गेली आहे, आणि त्या क्षणी ती सुखात दिसते की अस्वस्थ. अशा तक्त्यांतून जे समोर आले ते अस्वस्थ करणारे होते. दूरचित्रवाणी सुरू असे, खुर्च्या भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या असत, कर्मचारी वाईट वागत नसत. पण माणसे तास-तास कोणाच्याही शब्दाविना बसून राहत. लहान मुलासारखे बोलणे, त्यांना झेपणार नाही अशा घाईने कामे उरकणे, त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणे, जे त्यांना अजून जमते तेही आपणच करून टाकणे, अशा वागण्याची किटवुड यांनी यादी केली आणि हे वागणे आजाराइतकेच माणसाला खचवते असे ठामपणे सांगितले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या मानसिक गरजा मांडल्या: दिलासा, जिव्हाळ्याचे नाते, आपलेपणा, स्वतःची ओळख आणि हाताला काम. काम हे करमणुकीच्या रकान्यातून उचलून त्यांनी गरजांच्या पंक्तीत बसवले. या सगळ्या इतिहासातले हेच सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी किटवुड यांचे निधन झाले.

काम द्यायचे ठरले, तरी कोणते आणि कसे, हा प्रश्न उरतोच. १९९० च्या दशकात क्लीव्हलँडमध्येच कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणात शोधले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे हा विचार मराठी वाचकाला चांगला परिचित आहे. बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत ताराबाईंनी तो परिसरातल्याच साध्या वस्तूंच्या आधारे रुजवला होता. खऱ्या वापरातल्या वस्तू हाती द्यायच्या, कामाचे लहान टप्पे पाडायचे, तोंडी सूचनेपेक्षा करून दाखवायचे आणि चूक झाली तर ती वस्तूनेच दाखवावी अशी मांडणी ठेवायची, ही तत्त्वे कॅम्प यांनी वृद्धांसाठी वापरली. नवी माहिती साठवण्याची शक्ती क्षीण झाली तरी हातांना झालेली सवय बराच काळ टिकते, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. पद्धत मुलांची असली तरी साहित्य मुलांचे नसावे, याविषयी ते काटेकोर होते. त्यांच्या प्रयोगांत स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींनी इतर रहिवाशांचे छोटे गट चालवले आणि बालवर्गातील मुलांना धडेही दिले.

पुढील टप्पा पुराव्यांचा. एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये २०१ जणांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, सुमारे पाऊण तासाची, अशी सात आठवड्यांत १४ सत्रे. त्यांत बालपण, खाद्यपदार्थ, नाणी-नोटांचा वापर, ताज्या बातम्या असे विषय. एक नियम फार मोलाचा होता: माहिती विचारू नका, मत विचारा. दोन छायाचित्रे पुढे ठेवून ‘हे कोण?’ असे विचारले की चुकण्याची भीती असते. ‘यांतले तुम्हाला कोण आवडले?’ या प्रश्नाला चुकीचे उत्तरच नसते. भाग घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत आणि जीवनमानातही सुधारणा दिसली. फिलाडेल्फियात लॉरा गिटलिन यांनी घरी जाऊन काम करणारी पद्धत आखली आणि ६० कुटुंबांवरील तिचे निष्कर्ष २००८ मध्ये मांडले. व्यवसायोपचार तज्ज्ञ आधी त्या व्यक्तीचे पूर्वीचे काम आणि आवडी समजून घेई, आज काय झेपते ते तपासे, त्यावरून मोजकी कामे ठरवे आणि ती कशी करून घ्यायची हे घरच्यांना शिकवी. परिणामी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे आणि घरच्यांच्या मागे मागे फिरणे कमी झाले.

या अभ्यासांना एक निकडही होती. ब्रिटिश सरकारसाठी सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार स्मृतिभ्रंश असलेल्या सुमारे १,८०,००० व्यक्तींना मनोविकारांवरील तीव्र औषधे दिली जात होती आणि त्यापायी वर्षाला सुमारे १,८०० अधिकचे मृत्यू ओढवत होते. अस्वस्थपणाला गोळीखेरीज काही उत्तर आहे का, हे शोधणे भागच होते.

भारतात या आजारासाठी झटणारी राष्ट्रीय संघटना १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतली बहुतेक माणसे घरीच राहतात, आणि आपल्याकडे अडचण निराळी आहे. पाश्चात्त्य शुश्रूषागृहांत हात रिकामे राहिले ते व्यवस्थेच्या सोयीमुळे. आपल्या घरांत ते मायेपोटी रिकामे होतात. ‘आई, तू आता काही करू नकोस, नुसती बसून राहा’ हे वाक्य आदरानेच उच्चारलेले असते. वास्तविक मराठी घरांत अशी कितीतरी कामे आहेत, जी ही तत्त्वे आपसूक पाळतात. वातींचेच घ्या. कापसातली सरकी काढायची, कापूस बोटांनी पिंजून सैल करायचा, चिमटीत धरून मधोमध टोक काढायचे आणि दुधाचे बोट लावून ते वळायचे. यांतला प्रत्येक टप्पा सुटा करता येतो. शेवटचा जमेना तर पिंजण्याचे काम उरते, आणि तयार झालेली फुलवात संध्याकाळी देवापुढे खरोखर वापरली जाते. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणे हीही याच जातीची कामे. मात्र जन्मभर बँकेत हिशेब पाहिलेल्या गृहस्थांपुढे मेथीची जुडी ठेवून उपयोग नाही. त्यांना पावत्या तारखेप्रमाणे लावायला द्याव्यात.

घरच्यांना हे शिकवणार कोण, या प्रश्नावर आपल्या शेजारीच एक महत्त्वाचे काम झाले. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या गृहसेवा सल्लागार घरोघरी जाऊन आजाराची माहिती देत, त्रासदायक वागणे कसे हाताळावे हे सांगत आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. सांभाळ करणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीयरीत्या कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात दिसलेली सुधारणा मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतकी नव्हती. गेल्या दशकात चेन्नईतील स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनमध्ये स्पेक्टर यांच्या सत्रांचे तमिळ भाषकांसाठी रूपांतर करताना, भारतीय वृद्धांना कोणते खेळ, कोणती गाणी आणि कोणते विषय आपले वाटतील याचा विचार गटचर्चा घेऊन करण्यात आला. मराठीतही तेच करावे लागेल, आणि त्यासाठी ओवी, भजन, पंचांग, भिशी, गिरणीचा भोंगा अशा साहित्याची आपल्याकडे वाण नाही.