पाण्याने निवडलेली जाळी

तापी पावसाळ्यात दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत आटून राहते. अशा डोहाला काठावरून फेकलेले, कडेने शिशाच्या गोळ्या ओवलेले गोल फेकजाळे पुरेसे असते. मात्र १९७२ साली गुजरातेत उकाई धरण पूर्ण झाले, त्याचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरला. पुढे भुसावळ तालुक्यात हतनूरचे धरण झाले. खोल, संथ जलाशयात फेकजाळे तळ गाठत नाही आणि ओढजाळे बुडालेल्या झाडांच्या खोडांत अडकून फाटते. तेथे सरस ठरते ते पाण्यात भिंतीसारखे उभे लावायचे जाळे.

हा बदल कोणी एकट्याने आखलेला नसतो. शेजाऱ्याला मासळी बरी लागली की त्याच्या जाळ्याची नक्कल होते, नकलेत थोडा फरक पडतो आणि तोट्याचा फरक पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. पॉलिनेशियातील होड्यांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की होडीच्या तरण्या-टिकण्याशी निगडित अंगे नक्षीपेक्षा सावकाश बदलतात. ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. नक्षी चुकली म्हणून होडी बुडत नाही.

उभ्या जाळ्यात सारा खेळ आसाचा, म्हणजे जाळ्यातील भोकाच्या मापाचा. मासा आसात डोके घालतो, अंगाच्या जाडीमुळे पुढे सरकू शकत नाही आणि मागे फिरताना धागा त्याच्या कल्ल्यामागे रुततो. लहान मासा आरपार निघून जातो, फार मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. म्हणून एका आसाचे जाळे बहुतांशी एकाच मापाची मासळी धरते. आस बारीक केला की आजची टोपली भरते खरी, पण अंडी घालण्याआधीच पिल्ले संपतात.

होडीचा निवाडाही पाणीच करते. जलाशय उतरला की काठ दूर सरकतो आणि लाकडी होडी चिखलातून ओढणे जिवावर येते. ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब मात्र एकट्याला खांद्यावर टाकून नेता येते. दिसायला ओबडधोबड असली, तरी माझ्या मते ती या पाण्याला साजेशी आहे.

धाग्याची गोष्ट वेगळी आहे. सुती धाग्यातील सेल्युलोज जिवाणू खातात, त्यामुळे सुती जाळे वारंवार वाळवावे लागे आणि झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावे लागे. नायलॉन कुजत नाही, शिवाय त्याचा बारीक, पारदर्शक धागा माशाला सहज दिसत नाही. साहजिकच सूत मागे पडले. पण वादळात तुटून गेलेले सुती जाळे काही महिन्यांत कुजून जाई, तर हरवलेले नायलॉनचे जाळे खोडांना अडकून पुढेही मासे धरत राहते. ही नासाडी कोणाच्याच हिशेबात येत नसल्याने नकलेच्या निवडीत तिला स्थान मिळत नाही.