गाडी उचलणे (मराठवाडा)

बाजारातला तयार संच न घेता, हाताशी असलेल्या सामानातून आणि जवळच्याच कारागिराकडून जीपसारख्या वाहनाच्या सस्पेन्शनमध्ये करून घेतलेला बदल. कच्ची वाट, नदीपात्र किंवा डोंगरउतार यांवर गाडी अडकू नये, हा त्यामागचा उद्देश. बदल मुख्यतः कमानपाट्यांत (लीफ स्प्रिंग), म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांत होतो. मिस्त्री त्यांना नुसते ‘पाटे’ म्हणतात. त्यांची संख्या, कमान किंवा बसवण्याची जागा बदलली जाते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडपासून नांदेड, हिंगोलीपर्यंत ट्रकच्या वर्दळीच्या रस्त्यांवर पाट्यांची कामे करणारी दुकाने आढळतात आणि हौशी लोकांची कामेही बहुतेक तिथेच होतात.

या दुकानांचा हात मात्र वेगळ्या कामाला सरावलेला आहे. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्या घराण्यातल्या जीप आणि कमांडर खेड्यापाड्यांत प्रवासी वाहतुकीला लागल्या. दहा माणसांच्या जागी वीस बसली की गाडी मागून बसते. मग तिच्यात एक-दोन पाटे वाढवले जातात. टेम्पो, पिकअप आणि ट्रक यांचीही तीच कथा. त्यामुळे ‘गाडी उंच करायची आहे’ असे सांगितले की बहुतेक ठिकाणी ‘पाटे टाका’ हेच उत्तर मिळते. ओझ्यासाठी ते बरोबर आहे. खडकाळ ओढ्यात रिकामी जीप घालणाऱ्याला मात्र याच्या उलट हवे असते: मऊ पाटे आणि चारही चाके जमिनीला टेकलेली.

याचे गणित सोपे आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांचे सात केले की कडकपणा साधारण 40 टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम याहून कितीतरी मोठा असतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 6 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटाच दुपटीहून अधिक कडक होतो. असली कडक जीप खड्ड्यावर आली की एक चाक हवेत लोंबकळते. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा दातेचक्रांचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, साधा असेल तर सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे पळते आणि गाडी जागीच गुरगुरत राहते. म्हणून जाणकार कारागीर आधी पाटे सोडवतो, गंज घासतो, मधे ग्रीस किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या घालतो, पाट्यांच्या टोकांच्या सांध्यातले बुश बदलतो आणि गरज नसलेला एखादा जाड पाटा काढून टाकतो. जवळजवळ फुकटात होणारा हा बदल इतर बहुतेक बदलांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, पण उंची दिसत नसल्याने त्याचे कौतुक कमी होते.

उतरलेल्या पाट्यांना पुन्हा कमान मारणे हा दुसरा स्वस्त मार्ग. पाटा दोन टेकूंवर आडवा ठेवून घणाने किंवा हायड्रॉलिक प्रेसने थोडा-थोडा वाकवत नेला, म्हणजे थंडच काम केले, तर ते बऱ्यापैकी टिकते. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवलेला पाटा पहिल्या दिवशी छान दिसतो. नंतर बसतो किंवा तुटतो. कारण हे सिलिकॉन-मँगनीजसारखे मिश्र पोलाद असते. सुमारे 850 अंशांवरून तेलात बुडवून कडक केलेले आणि मग 400 ते 500 अंशांवर तापवून पाणी उतरवलेले, म्हणजे ठिसूळपणा घालवलेले. भट्टीबाहेर लाल केले की तो संस्कार पुसला जातो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणे तर त्याहून वाईट, कारण जोडाशेजारची जागा ठिसूळ होते. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बनणारी सळई बांधकामासाठी उत्तम, पण तसल्या साध्या लोखंडाच्या पट्टीला पाट्यासारखी लवचीकता येत नाही. पाट्याच्या पोलादाची खरी पारख घिसाडी आणि लोहार यांना असते. मोडीत निघालेल्या पाट्यातूनच ते ऊसतोडीचा कोयता घडवतात आणि तो धार धरतो.

यापुढचे बदल उंचीसाठीच असतात. पाट्याचे टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणाऱ्या शॅकलच्या पट्ट्या लांब करणे सर्वांत सोपे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे लेथ आणि पत्रा कापणारी यंत्रे शेजारीच असल्याने जाड पट्ट्या मोजमापाने काढून घेता येतात. शॅकल 2 इंच वाढवला तर चाके जोडणाऱ्या आडव्या आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर उंची 1 इंचच मिळते, आणि पुढच्या बाजूला चाकाचा कल बदलून वेगात स्टिअरिंग हलू लागते. मागच्या अ‍ॅक्सलवर पाट्याखाली पोलादी ठोकळा देऊन लांब यू बोल्ट लावतात. पुढे असा ठोकळा देऊ नये, ब्रेक मारताना तो निसटण्याचा धोका असतो. ज्या जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलखालून जातात तिथे ते अ‍ॅक्सलवर आणून बसवले की एकदम 5 इंचांच्या आसपास उंची मिळते. पण मग पाट्याच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात, ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, लवकर जातो, ब्रेकचे रबरी पाइप आखूड पडतात, धक्के शोषणारे शॉकअप लांब लागतात आणि जोर दिला की पाटा ‘एस’सारखा पिळतो. स्वस्तातला बदल इथे संपतो, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा, असलेल्या गाड्यांत, म्हणजे पहिल्या पिढीची स्कॉर्पिओ किंवा 2010 ची थार यांत, समायोजनाचा बोल्ट आवळला तरी पुढची बाजू उचलते. बार त्याने कडक होत नाही, फक्त चाकाला खाली सुटायला उरलेली जागा कमी होते.

इतके करूनही काळ्या मातीत जीप का रुतून बसते, हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला जातो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत करते. शिवाय उसाच्या ट्रॅक्टरने पाणंदीत पाडलेल्या खोल चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट डिफरन्शियलला लागतो. आख्ख्या अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची केवळ टायर ठरवतो. टायरचा व्यास 2 इंचांनी वाढला तर ती 1 इंचाने वाढते. पाट्यांनी चासी आणि टप कितीही वर गेले तरी हा गोळा जिथल्या तिथेच राहतो. उचललेल्या गाडीत मोठा टायर मावतो, एवढाच तिचा इथला फायदा. गोदावरीच्या वाळूत तर टायरमधली हवा 30 पीएसआयवरून 18 पर्यंत उतरवणे बहुतेक वेळा पुरते. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. झिजलेले बुश बदलणे आणि उतरलेली कमान मूळ मापाला आणणे ही दुरुस्ती आहे; अ‍ॅक्सलखालचे पाटे वर नेणे हा उघड बदल आहे.