प्राथमिक निवडणूक आणि पक्षनोंदणी नसलेले मतदार

अमेरिकेत पक्षाचे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, मतदार ठरवतात. त्यासाठी मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी होणारे मतदान म्हणजे प्राथमिक निवडणूक, ऊर्फ प्रायमरी. तिथल्या अनेक राज्यांत मतदारनोंदणीच्या अर्जावर पक्षाचा रकाना असतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून हा प्रश्न मराठी वाचकाला अनोळखी वाटतो. रकाना कोरा ठेवणारा तो पक्षनोंदणी नसलेला मतदार. त्याला ‘अपक्ष’ म्हणू नये. मराठीत अपक्ष म्हणजे उमेदवार. मॅसॅच्युसेट्समध्ये निम्म्याहून जास्त मतदार असेच आहेत. त्यांना कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते, ती अर्धखुली पद्धत. फ्लोरिडा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया इथे मात्र दार बंद.

न्यू हॅम्पशायरमध्ये असा मतदार केंद्रावर हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतो. ती घेताच तो त्या पक्षाचा म्हणून नोंदला जातो. मत दिल्यावर तिथेच एका अर्जावर सही केली की पुन्हा मोकळा. 2000 साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत जॉन मॅकेन यांनी तिथे जॉर्ज बुश यांना हरवले, त्यात या मतदारांचा मोठा हात होता. कोलोरॅडोच्या मतदारांनी 2016 मध्ये प्रस्ताव 108 मंजूर करून ही मुभा दिली. तिथे मतपत्रिका टपालाने येतात, दोन्ही मोठ्या पक्षांच्या एकाच पाकिटात. परत एकच पाठवायची. दोन्ही भरून पाठवल्या तर दोन्ही बाद.

विरोधकांचे म्हणणे असे, की पक्षाचा उमेदवार बाहेरच्यांनी का ठरवावा? मुद्दा खरा आहे. पण ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे वर्चस्व, तिथे निकाल प्रायमरीतच लागतो. तिथून वगळलेल्या माणसाच्या हाती नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत उरते ते नावापुरते मत, आणि प्रायमरीचा खर्च तर बहुधा सरकारी तिजोरीतून, म्हणजे त्याच्याही करातून होतो.

कनेक्टिकटमध्ये तर रिपब्लिकन पक्षालाच हे मतदार हवे होते, कायदा आड येत होता. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी पक्षाच्या बाजूने निकाल दिला: कोणाला बोलवायचे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा भाग आहे. 2005 च्या ओक्लाहोमा खटल्यात मात्र दुसऱ्या पक्षात नोंदलेल्यांना बोलावण्यावरची राज्याची बंदी न्यायालयाने कायम ठेवली.

फ्लोरिडात 2020 साली सर्व मतदारांसाठी एकत्र प्रायमरीचा प्रस्ताव आला. त्याला सुमारे 57 टक्के मते मिळाली. घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात, म्हणून तो फेटाळला गेला.