कोणतं प्रतिपिंड कोणत्या विषाला? सापाच्या लशीमागचा इतिहास

पऱ्हाटीत निंदण चालू असतं, गवतात हात जातो आणि पान लागतं, म्हणजे साप चावतो. पावसाळ्यात विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांना हे नवं नाही. तिथे कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन नळी २० मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही, तर घोणशीसारख्या सापाचं विष भिनलंय हे कळतं आणि सलाइनमधून लस सुरू होते.

ही लस म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला चिकटणारी प्रथिनं. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी रक्तद्रवातून धनुर्वातापासून संरक्षण देता येतं हे दाखवलं. त्याच दशकात आल्बेर काल्मेत यांनी ती वाट नागाच्या विषापर्यंत नेली. आपल्याकडे आजही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात. मिळणाऱ्या प्रतिपिंडांतली बरीचशी विषाला पकडतच नाहीत. शिवाय हे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तरी दंशानंतर खरा आधार याच लशीचा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

प्रतिपिंडं एकेकटी तपासायची सोय १९७५ साली झाली. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. प्रतिपिंड एखाद्या पदार्थाला चिकटतं का हे दाखवणारी एलायझा चाचणी १९७१ पासून होतीच, पण प्रतिपिंड आणि त्याचं लक्ष्य अशी एकेक जोडी जुळवायला फार वेळ जाई. १९८५ साली जॉर्ज स्मिथ यांनी विषाणूच्या अंगावर प्रथिनाचा तुकडा बसवला. पुढे प्रतिपिंडंही तशीच बसवली गेली, आणि कोट्यवधींतून हवं ते गळाला लावता येऊ लागलं. २०१९ च्या लिब्रा-सेक पद्धतीत प्रत्येक लक्ष्याला डीएनएची खूणचिठ्ठी जोडतात. ते लक्ष्य ज्या बी-पेशीला (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तपेशीला) चिकटतं, तिचा प्रतिपिंडाचा जनुक आणि ती चिठ्ठी एकत्र वाचली जाते. अशा हजारो जोड्या एकाच प्रयोगात कळतात.

२०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या गटाने यीस्टच्या पेशींवर बसवलेल्या मानवी प्रतिपिंडांतून ९५मॅट५ नावाचं प्रतिपिंड निवडलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला मांबा या सापांच्या विषातल्या एका प्रकारच्या मज्जाविषाला ते अडवतं. उंदरांना त्याने वाचवलं. माणसांवरच्या चाचण्या बाकी होत्या. घोणशीच्या विषावर मात्र ते चालत नाही, कारण रक्त बिघडवणारी त्यातली प्रथिनं वेगळी आणि अनेक आहेत. तिथे प्रतिपिंडांचं मिश्रणच लागेल, आणि ते निवडताना विदर्भातल्या घोणशीचं विष तपासणीत असलंच पाहिजे.